शब्दखेळांचा तास: वर्गात हशा कसा पिकतो आणि तो कामी कसा लावायचा

वर्गात शब्दांचा खेळ घेतला की एक तर मुलं अशी खुलतात की एखाद्या उत्तरावर सगळा वर्ग पोट धरून हसतो, नाही तर चार हुशार मुलं खेळतात आणि बाकीची खिडकीबाहेर बघत बसतात. खेळ तोच असतो. नियम कसे बांधले आणि पहिलं चुकीचं उत्तर आल्यावर शिक्षकाने काय केलं, यावर सगळं ठरतं.

गमतीदार उत्तरं ठरवून आणता येत नाहीत, पण ती येतील अशी जागा मात्र खेळात ठेवता येते. बहुतेक गमतीदार उत्तरं ही वेड्यासारखी फेकलेली नसतात. मुलाने कुठला तरी नियम शिकलेला असतो आणि तो जिथे चालत नाही तिथे चालवून पाहिलेला असतो. वर्ग हसतो तेव्हा शिक्षकाने तो नियम कुठला, हे ओळखायचं. ते जमलं तर पाच मिनिटांच्या हशातून व्याकरणाचा अख्खा पाठ निघतो. खाली मी खेळ त्याच हिशेबाने लावले आहेत: नियम काय ठेवायचे, गंमत कुठे होते आणि ती झाल्यावर पुढे काय करायचं.

सुरुवात करण्याआधी

वर्ग मोठा असेल तर चार-पाच मुलांचे गट करा. एकेकट्याने उत्तर द्यायचं म्हटलं की लाजरी मुलं गप्प बसतात. गटात ती शेजाऱ्याच्या कानात सांगतात आणि शेजारी ओरडतो. गट पाडताना सगळी हुशार मुलं एकत्र येणार नाहीत, एवढं बघा. खेळ पंधरा-वीस मिनिटांचा ठेवा. पूर्ण तासभर एकच खेळ चालवला की दुसऱ्या अर्ध्यात मुलं एकमेकांच्या वह्यांवर चित्रं काढू लागतात.

टेबलावर एक शब्दकोश हवाच. वाद झाला की निकाल बाईंनी किंवा सरांनी द्यायचा नाही, शब्दकोशाने द्यायचा. दर फेरीला एका मुलाला ‘कोशपंच’ करा. या पदाला वर्गात फार मान मिळतो, आणि अकारविल्हे शब्द शोधायचा सराव होतो तो वेगळाच. ज्या मुलाला सारखे विनोद करायची खोड आहे त्याला हे पद आधी द्या. पुस्तकात डोकं घालून बसलेल्या मुलाला विनोद सुचायला वेळच मिळत नाही.

शब्दसाखळी

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात भांडणं लावणारा खेळ. एकाने शब्द म्हणायचा, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्याने पुढचा. नियम न सांगता सुरू केला तर दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला गाडी हमखास अडते:

“नळ.”

“ळ… ळ… बाई, ळ वरून काहीच येत नाही!”

“येतं की! ळांडगा!”

वर्ग कोसळतो. इथे “असा शब्द नसतो” म्हणून पुढे गेलात तर हाती आलेली संधी गेली. त्याऐवजी ळांडगा म्हणणाऱ्यालाच गंभीरपणे विचारा, “हा लांडग्यापेक्षा वेगळा कसा रे?” उत्तरं भन्नाट येतात. “बाई, तो जीभ वळवून चावतो,” हे त्यांतलंच एक. मग कोशपंचाला सांगा, ळ ने सुरू होणारा शब्द शोधून दे. तो पानं उलटतो, पुन्हा उलटतो, सगळा वर्ग माना उंचावून बघत असतो. ळ चं पान सापडत नाही. मग ण शोधायला सांगा. तेही तसंच.

मराठीतल्या ३४ व्यंजनांपैकी ङ, ञ, ण आणि ळ ही चार नेहमीच्या शब्दांच्या सुरुवातीला येत नाहीत. नुसतं सांगून हे मुलांच्या डोक्यात राहत नाही. ळांडगा मात्र राहतो, आणि त्याच्या शेपटीला धरून हा नियमही राहतो. आता खेळाचा नियम मुलांकडूनच करून घ्या: ण आला तर न घ्यायचा, ळ आला तर ल.

पण इथेच नवी गंमत सुरू होते. एखादा गट लगेच ओळखतो की ‘करणे’, ‘धावणे’, ‘बसणे’, ‘झोपणे’ या सगळ्यांच्या शेवटी णे आहे, म्हणजे समोरच्याला कायम न वर अडकवता येतं. मग त्यांच्याकडून क्रियापदांचा मारा सुरू होतो. समोरचा गट नळ, नख, नथ, नवरा, नदी करत घामाघूम होतो आणि शेवटी तक्रार येते: “बाई, ते सारखे णे देतात!” तक्रार मान्य करायच्या आधी विचारा, “ते देतात ते शब्द कोणत्या जातीचे आहेत?” आपण क्रियापदाचं मूळ रूप शस्त्र म्हणून वापरतोय, हे गटाच्या लक्षातच आलेलं नसतं. लक्षात आलं की क्रियापदांवर मर्यादा घाला. एका फेरीत प्रत्येक गटाला तीन.

मात्रेचं काय करायचं, हेही आधी ठरवा. लहान वर्गात ‘पाणी’ नंतर फक्त न धरा. पाचवीच्या पुढे ‘नी’ धरून बघा: नीट, नीती, नीरस. मात्रेसकट साखळी लवकर तुटते, म्हणून तो प्रकार शेवटच्या पाच मिनिटांसाठीच ठेवा. जोडाक्षर आलं तर पूर्ण जोडाक्षर घ्यायचं, की त्यातलं शेवटचं व्यंजन, याचाही निकाल आधीच लावलेला बरा. मी पूर्ण जोडाक्षराची सवलत देते. ज्याला जमेल त्याने त्र वरून म्हणावं, नाही जमलं तर र वरून.

साखळी संपली की फळ्यावरचे शब्द एका दमात, गोष्ट सांगावी तसे वाचायला लावा. हे बहुतेक शिक्षक करत नाहीत, आणि खरा हशा इथेच असतो. एकदा फळ्यावर ओळीने उतरलं होतं: मित्र, त्रास, सर, रजा. चार वेगवेगळ्या मुलांनी चार वेगवेगळे शब्द दिले होते, पण वाचणाऱ्याने ते असे काही वाचले की वर्गाला पूर्ण कथाच ऐकू आली. मग गृहपाठ आयताच मिळतो: याच चार शब्दांना जोडून चार वाक्यं लिहा.

उलट शब्द, आणि बेडकाचं काय करायचं

विरुद्धार्थी शब्दांचा खेळ वेगात घ्या. तुम्ही शब्द म्हणायचा, गटाने तीन सेकंदांत उलट शब्द द्यायचा. वेग हवा, कारण विचार करायला वेळ मिळाला की मुलं पाठ केलेली यादी आठवतात. घाईत ती नियम लावतात आणि नियम लावताना घसरतात.

शब्द देताना मुद्दाम ओळीने एकाच घडणीचे द्या. बेसावध? सावध. बेशिस्त? शिस्त. बेफिकीर? फिकीर. गाडी छान चालली की मध्येच द्या: बेडूक?

“डूक!”

उत्तर देणाऱ्याला स्वतःलाच अर्ध्या सेकंदाने कळतं आणि सगळ्यांत जास्त तोच हसतो. पाठोपाठ अजगरचा ‘जगर’ आणि अननसचा ‘ननस’ येतात, मग कोणाला थांबवावं लागत नाही, मुलं स्वतःच वही उघडून असे शब्द शोधू लागतात.

आता फळ्यावर दोन रकाने करा. डावीकडे जिथे पुढचा तुकडा काढला तर उलट अर्थाचा शब्द उरतो ते शब्द, उजवीकडे जिथे कचरा उरतो ते. पहिला प्रश्न: तुकडा काढल्यावर उरलेला शब्द एकटा जगतो का? ‘फिकीर’ जगतो, ‘डूक’ जगत नाही. मुलांना ही कसोटी आवडते आणि ती धडाधड शब्द टाकू लागतात. मग तुम्ही हळूच विचारा: बेचाळीस?

“चाळीस!”

वर्ग गोंधळतो. चाळीस तर एकटा जगतो! मग बेचाळीसच्या उलट चाळीस का? कुणीतरी म्हणतं, “बाई, दोनचाच फरक आहे.” म्हणजे इथला ‘बे’ हा नकाराचा नसून पाढ्यातला बे आहे, हे त्याने न सांगता सांगितलं. त्याला शाबासकी द्या आणि दुसरा प्रश्न फळ्यावर लिहा: उरलेल्या शब्दाचा अर्थ खरंच उलटा आहे का? या दोन कसोट्यांनी उपसर्गाचा जो पाठ होतो तो व्याख्या लिहून देऊन होत नाही. वरच्या वर्गात ‘अपघात’ टाका. ‘घात’ एकटा जगतो, पण अपघाताच्या उलट नाही. हा वाद बराच वेळ चालतो आणि चालू द्यावा.

लिंग बदलण्याच्या खेळात हेच घडतं. वाघ-वाघीण, हत्ती-हत्तीण झाल्यावर मोर म्हटलं की ‘मोरीण’ येणारच. घोडा-घोडी नंतर मोर दिला तर ‘मोरी’ येते आणि कुणीतरी विचारतं, “तिच्यात पाणी टाकायचं का?” रेड्याचं स्त्रीलिंग एकाने ‘रेडी’ सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून लगेच “स्टेडी, गो!” आलं. हशा ओसरला की फळ्यावर लिहा: मोर-लांडोर, रेडा-म्हैस, बोका-भाटी, बैल-गाय. ज्या प्राण्यांशी माणसाचा जवळचा संबंध आला त्यांच्या नर-मादीला बरेचदा वेगळीच नावं मिळाली आहेत, असं मुलांना वाटू लागलं तर वाटू द्या. मोर, घोडा आणि हत्ती घेऊन त्यांनाच ते तपासायला सांगा.

कानगोष्टी

एका टोकाच्या मुलाच्या कानात वाक्य सांगायचं, त्याने पुढच्याच्या, आणि शेवटच्याने मोठ्याने म्हणायचं. खेळ सगळ्यांना माहीत आहे. त्यात एकच भर घाला: प्रत्येकाने पुढे सांगण्याआधी आपण काय ऐकलं ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी उलटी ठेवायची. नाही तर शेवटचं वाक्य ऐकून सगळे हसतात आणि दोष कायम मधल्या कुणा गरिबावर जातो. चिठ्ठ्या ओळीने वाचल्या की वाक्य नेमकं कुठे वळलं ते दिसतं.

वाक्य निवडण्यातच सगळी कला आहे. फार लांब घेतलं तर मुलं अर्धं गाळतात आणि गंमत होत नाही. आठ-दहा सेकंदांत म्हणता येईल असं घ्या, त्यात सारख्या आवाजाचे दोन-तीन शब्द ठेवा आणि मुलांना माहीत नसलेला एकच शब्द पेरा. ‘घडवंचीवर घडी घातलेली घोंगडी ठेव’ हे माझं आवडतं. घडवंची म्हणजे घागरी-हंडे किंवा अंथरुणं ठेवायची लाकडी मांडणी, हे आजच्या मुलांना बहुधा माहीत नसतं. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या चिठ्ठीत ती ‘गडबडीत’ होते, घोंगडीची बांगडी होते आणि शेवटच्या मुलाकडून ‘गडबडीत घरी घातलेली बांगडी ठेव’ असा हुकूम निघतो. वाक्य चुकलं, पण बिनअर्थाचं झालं नाही. कान अनोळखी शब्द तसाच पुढे देत नाही, त्याच्या जागी ओळखीचा शब्द बसवतो. मुलांना विचारा, “कुठल्याच चिठ्ठीत ‘गडवंगीत’ का नाही?” ऐकण्याबद्दल याहून चांगला प्रश्न मला अजून सापडलेला नाही.

दुसरं वाक्य: ‘माळ्याने माळ्यावरून माळ काढली.’ इथे पहिला माळी, दुसरा माळा. चिठ्ठ्यांत मावळे येतात, माळरान येतं, एकदा तर मावशीही आली.

रिकाम्या चौकटी

मनात धरलेल्या शब्दासाठी फळ्यावर रिकाम्या चौकटी काढायच्या आणि मुलांनी एकेक अक्षर विचारत तो शब्द ओळखायचा. इंग्रजीत हा खेळ फासाच्या चित्राने खेळतात. मला वर्गात फास काढायला आवडत नाही. मी जिना काढते आणि चुकीचं अक्षर सांगितलं की फळ्यावरचा माणूस एक पायरी खाली येतो. खाली चिखल. मुलांना चिखल पुरतो.

खरी अडचण मराठीत चौकटी मोजायची आहे. इंग्रजीसारखं एक अक्षर एक चौकट इथे सरळ बसत नाही. ‘विद्यार्थी’ साठी किती चौकटी? वि, द्या, र्थी अशा तीन. जोडाक्षराला एक चौकट आणि रफार ज्या अक्षराच्या डोक्यावर त्याच्याच चौकटीत, हे खेळाआधी दोन उदाहरणांनी दाखवा. मुलाने ‘क’ विचारला तर का, कि, कु सगळीकडचा क दाखवायचा. मात्रा लहान मुलांसाठी आधीच उघड्या ठेवा, मोठ्यांसाठी झाका.

उघड्या मात्रांमुळे अर्धवट शब्द वाचण्याचा मोह होतो आणि तिथेच धमाल येते. फळ्यावर ‘मा’, मग रिकामी चौकट, मग ‘र’ होतं. शब्द होता मास्तर. पहिला अंदाज मांजर. “अनुस्वार नाही,” म्हटल्यावर एकाने हात वर केला, “बाई, मधली जागा रिकामीच राहू दे ना, तसंही बरोबरच आहे. मार!” दुसरा म्हणाला, “मास्तर आणि मार, मधलं काही दिसतच नाही!” शब्द आपोआप फुटला होता, पण त्या गटाला गुण द्यावेच लागले.

नाव, गाव, फळ, फूल, प्राणी, वस्तू

हा सगळ्यांना येतो, म्हणून इथे फक्त भांडणाची जागा सांगते. वेगळ्या उत्तराला १०, दोघांचं सारखं आलं तर ५, रिकामं तर शून्य, हा नेहमीचा हिशेब ठेवा. अक्षर निवडताना एखादी फेरी ‘ढ’ ची घ्या. आधी सगळे कुरकुरतात, मग ढेकूण प्राणी आहे का यावर जुंपते. आहे, कीटकही प्राणीच. पण खरी लढाई फळाच्या रकान्यात होते. एका मुलीने लिहिलं होतं, ढोबळी मिरची.

सगळा वर्ग उठून उभा राहिला. ती मात्र शांत. “फुलातून येतं, आत बिया असतात. विज्ञानाच्या पुस्तकात तेच फळ.” तिचं बरोबर होतं. फुलातल्या अंडाशयापासून तयार होतं ते फळ, या व्याख्येत ढोबळी मिरची बसते, तसंच वांगं, काकडी आणि भोपळाही. पुढच्या फेरीत सगळ्यांच्या फळांच्या रकान्यात भाज्या शिरल्या. अशा वेळी मत घेऊ नका. वनस्पतिशास्त्राचा प्रश्न हात वर करून सुटत नाही. पुढच्या फेरीआधी एवढंच जाहीर करा: आज फळ म्हणजे शास्त्रातलं की मंडईतलं? एकाच शब्दाच्या दोन व्याख्या दोन ठिकाणी चालतात, हे मुलांना त्या वादातच कळून गेलेलं असतं.

म्हणींचा मूकाभिनय

चिठ्ठीतली म्हण न बोलता करून दाखवायची, गटाने एका मिनिटात ओळखायची. डोळ्यांसमोर चित्र उभं राहील अशाच म्हणी निवडा: नाचता येईना अंगण वाकडे, पालथ्या घड्यावर पाणी, उंटावरून शेळ्या हाकणे. ‘अति तेथे माती’ किंवा ‘गरज सरो वैद्य मरो’ सारख्या म्हणी करून दाखवताना मुलं नुसतीच हातवारे करत राहतात.

दोघांना मिळून एक म्हण दिली तर अधिक मजा येते. पालथ्या घड्यासाठी एक मुलगा गुडघे टेकून, डोकं जमिनीला लावून, पाठ वर काढून घडा झाला. दुसऱ्याने त्याच्या पाठीवर काल्पनिक पाणी ओतायला सुरुवात केली. गटाने ओरडून सांगितलं, “बाळाची आंघोळ!” पाणी ओतणाऱ्याने मान हलवली आणि आणखी पाणी ओतलं. “गाडी धुणं!” अजून पाणी. “म्हैस!” आता मात्र घड्याला राहवलं नाही. त्याने मान वर करून ओरडून सांगितलं, “अरे, घडा आहे मी! पालथा!” एक शब्दही बोलायचा नाही, हा नियम मोडला म्हणून गुण गेले, आणि ती म्हण त्या वर्गात पुढे कुणालाही पुन्हा समजवावी लागली नाही.

अभिनय झाल्यावर अर्थ विचारायचा राहून जातो, तो राहू देऊ नका. “मग पाणी का साठलं नाही?” एवढा एकच प्रश्न पुरतो.

शब्दशिडी

हा मोठ्या मुलांसाठी. इंग्रजीत हा खेळ लुईस कॅरॉल यांनी १८७७ मध्ये शोधला: एका शब्दापासून दुसऱ्या शब्दापर्यंत पोहोचायचं, दर पायरीला एकच अक्षर बदलायचं आणि प्रत्येक पायरी खरा शब्द असायला हवी. मराठीत ‘अक्षर’ म्हणजे मात्रेसकट एक चौकट धरा, म्हणजे खेळ सुरळीत चालतो. पाणी, राणी, राजी, राजा, मजा, असं दाखवून द्या आणि मग कोडं टाका: शाळेपासून मजेपर्यंत जा.

पहिलं उत्तर नेहमी उडी मारणारं येतं. “शाळा, घंटा, मजा!” हसून घ्या आणि नियम परत सांगा. एक वाट अशी आहे: शाळा, ताळा, ताजा, मजा. ‘ताळा’ म्हणजे गणितात उत्तर बरोबर आलं का ते पडताळणं, हे कुणी ना कुणी शोधून काढतंच. ‘राजी’ किंवा ‘ताळा’ हा शब्द आहे का, यावरून कोशपंचाची धावपळ होते. इथे घाई करू नका, या खेळाचा निम्मा फायदा त्या धावपळीतच आहे.

शब्द बनवायला अक्षरांचे पत्ते हवे असतील तर कुठलं अक्षर किती ठेवायचं ते अंदाजाने ठरवू नका. स्क्रॅबल हा अक्षरं जोडून शब्द बनवायचा इंग्रजी खेळ तयार करताना आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजली होती. तुम्ही पाठ्यपुस्तकाचं एक पान मुलांना वाटून द्या आणि प्रत्येक गटाला काही व्यंजनं मोजायला सांगा. मात्रांचे पत्ते वेगळे ठेवा, नाही तर पत्त्यांचा ढीग होतो. ण आणि ळ किती वेळा येतात ते मोजताना ळांडग्याची आठवण कोणीतरी काढतोच.

हशा हातात कसा ठेवायचा

मुलाचं उत्तर येतं आणि वर्ग हसतो, त्यानंतरच्या दोन-तीन सेकंदांत तुमच्या चेहऱ्याकडे दोन प्रकारचे डोळे बघत असतात: हसणाऱ्यांचे आणि ज्याच्यावर हसले त्याचे. दुसऱ्या डोळ्यांकडे आधी बघा. तो स्वतः हसत असेल तर तुम्हीही हसा. तो हसत नसेल तर हसू गिळा आणि त्याला विचारा, “तुला हे कसं सुचलं?” हा प्रश्न चौकशी म्हणून विचारायचा, उलटतपासणी म्हणून नाही. मुलाने कारण सांगितलं की वर्गाला दिसतं की त्याच्या डोक्यात काहीतरी चाललं होतं, आणि मघाचं हसू उत्तरावर सरकतं.

मुलाचं चुकलेलं उत्तर त्याच्याच स्वरात परत म्हणून दाखवू नका. शिक्षकाने एकदा नक्कल केली की वर्ग आठवडाभर करतो.

गुण देताना ‘विनोदाचा गुण’ ठेवायचा मोह होतो. तो टाळा, असं माझं स्पष्ट मत आहे. विनोदाला गुण मिळतो म्हटल्यावर मुलं बरोबर उत्तर दाबून ठेवतात आणि बावळट उत्तर शोधत बसतात, आणि शोधून आणलेलं बावळट उत्तर कधीच मजेदार नसतं. त्याऐवजी ‘जवळपास’ चा अर्धा गुण ठेवा: नियम बरोबर, फक्त जागा चुकली. डूक म्हणणाऱ्याला तो मिळतो.

कधी कधी घाईत नको तो शब्द निघतो, किंवा साध्या शब्दाचा दुसरा अर्थ वरच्या वर्गातल्या मुलांना आधी आठवतो आणि मागच्या बाकांवर खुसखुस सुरू होते. चेहरा साधा ठेवा, “पुढचा शब्द” म्हणा आणि पुढे चला. रागावलात की तो शब्द सुट्टीपर्यंत वर्गभर फिरतो.

घरची बोली वेगळी असलेल्या मुलाने वर्गाला माहीत नसलेला शब्द दिला तर वर्ग आधी हसतो. तो शब्द लगेच बाद करू नका. “घरी म्हणतात का? मग त्याचं वाक्य करून दाखव.” वाक्य झालं आणि अर्थ पटला की शब्द चालतो, मग कोशात असो वा नसो. बोलीतल्या शब्दांसाठी फळ्याच्या कोपऱ्यात वेगळा चौकोन ठेवा. थोड्या दिवसांत इतर मुलं मुद्दाम घरून शब्द विचारून येऊ लागतात. अडखळत बोलणारं मूल वर्गात असेल तर ‘काळे राळे गोरे राळे’ सारखी जीभ वळवणारी वाक्यं एकेकट्याने म्हणून घेऊ नका. सगळ्यांनी एकत्र म्हणा. सगळेच अडखळतात आणि कोण किती अडखळलं ते कळत नाही.

आवाज फार चढला तर ओरडून काही होत नाही. आधीच एक खूण ठरवा: तुम्ही हात वर केला की ज्याला दिसेल त्याने हात वर करून गप्प व्हायचं. शेवटी हात वर करणाऱ्या गटाचा एक गुण कमी.

नोंद आणि शेवटची पाच मिनिटं

वर्गातली गमतीदार उत्तरं एका वहीत लिहून ठेवा, मुलांची नावं न लिहिता. त्यांवरूनच पुढच्या आठवड्याची कामाची पत्रिका बनते: ‘डूक’, ‘मोरीण’, ‘जगर’ हे शब्द का बनत नाहीत ते सांगा. आपलं उत्तर पत्रिकेत छापलेलं पाहून मूल खूश होतं. नाव नसल्यामुळे लाजत मात्र नाही. पालकांना दाखवायची असेल तर ती वही दाखवा, पण मुलांना विचारून.

घंटा व्हायच्या पाच मिनिटं आधी खेळ थांबवा, मुलं “अजून एक फेरी” म्हणत असतानाच. पुढच्या तासाच्या शिक्षकांना उसळलेला वर्ग देणं बरं नाही. या पाच मिनिटांसाठी शांत काम द्या: उलट-सुलट सारखंच वाचता येणारं वाक्य शोधा. फळ्यावर दोन-तीन लिहा, ‘रामाला भाला मारा’, ‘ती होडी जाडी होती’, ‘चिमा काय कामाची’. मुलं बोटाने एकेक अक्षर मागून मोजतात आणि वर्ग आपोआप शांत होतो. फार काळ मात्र नाही, कारण तिसऱ्या वाक्यावर कोणीतरी नक्की उठतं: “बाई, यात पहिली चि आखूड आहे आणि शेवटची लांब. हे नाही चालणार!” चालेल की नाही, ते दुसऱ्या दिवशी त्यांनीच कारणासकट ठरवून यायचं.